वस्तीचा बाजा

आमच्या वस्तीनं वर्गणी काढून एक बाजा घेतला होता. बाजा म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. लाकडी पेटी, पेटीत खाली रेडिओ, वर झाकणाखाली फिरती थाळी आणि तारांनी जोडलेले दोन सुटे स्पीकर. वस्तीतला एक जण रेल्वेत खलाशी होता. त्यानं तो सिकंदराबादेत कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून जुना विकत घेतला. परभणीच्या स्टेशनावरून पोखर्णीच्या रस्त्यानं तो बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून आला. मी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलो होतो.

बाजा घ्यायचं कारण साधं होतं. गावात लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एक माणूस होता. गावातल्या लग्नांना त्याचा कर्णा मोकळा असायचा. आमच्या लग्नांना, आमच्या जयंतीला तो कधीच मोकळा नसायचा. एकदा तर कर्णा त्याच्याच ओसरीवर पालथा पडलेला दिसत होता आणि तो म्हणाला, "बाहेरगावी गेलाय." आमच्या माणसांनी वाद घातला नाही. घरोघर फिरून वर्गणी मागितली.

बाजा आला आणि पहिल्याच लग्नात कुरबुर झाली. ज्याच्या दारी वाजला तो मिरवायला लागला, ज्याच्या घरात वीज नव्हती तो हिरमुसला. मग बैठक बसली आणि ठरलं की बाजा समाजाचा आहे, तो कुणा एकाच्या घरात वाजणार नाही. वाजेल तो निळ्या झेंड्यापाशी, सगळी वस्ती बसल्यावर. ठेवायचा मात्र कुणाच्या तरी घरातच लागणार. समाजाची मोठी भांडी, सतरंज्या, गॅसबत्ती जिच्याकडे होती, तिच्याकडेच बाजाही दिला. ती माझी आत्या.

तिचीच निवड का झाली हे बैठकीत उघड बोललं गेलं होतं. आत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. मूलबाळ नाही. "हिच्या घरात ना लगीन, ना बारसं. हिला वाजवायचं कारणच पडायचं न्हाई," असं एक म्हातारा म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. आत्या तिथंच बसली होती. तिनंही मान डोलावली. विषमतेवर तासभर बोलणारी आमची माणसं, पण त्या दिवशी त्यातल्या एकालाही त्या वाक्यात काही खटकलं नाही.

एक मात्र झालं. बाजाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हेही आपोआप ठरून गेलं. वस्तीत लग्न लागलं की नवरा-नवरी पुढे, पाहुणे मध्ये, आणि झेंड्याच्या खांबाशी बाजामागे आत्या. ती पदरानं तवा पुसायची, म्हणजे रेकॉर्ड पुसायची, सुई अलगद टेकवायची आणि मग सगळ्यांकडे बघत बसायची. सनईचा एक तवा होता, तो लग्नात पहिला लागायचा. सनई लागली की माणसं वळून आत्याकडे बघायची. एरवी तिच्याकडे वळून बघायचं कुणाला काही कारण नव्हतं.

पुढे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या घरांना आगी लागल्या. सकाळपासून गावोगावच्या बातम्या येत होत्या. बायका लेकरं घेऊन नदीकडे निघाल्या, पुरुष शेळ्या सोडत होते. आत्या बाजा हलवत होती. वस्तीच्या कडेला एक पडीक पेव होतं, जमिनीत खोदलेलं जुन्या काळचं धान्याचं कोठार. तिनं बाजा गोधडीत गुंडाळून त्यात उतरवला. धान्याला कीड लागू नये म्हणून बायका जे करतात ते सगळं तिनं केलं. खाली कडुलिंबाचा पाला घातला, फटीफटीत चुलीची चाळलेली राख भरली, वर भुसकट लोटलं. मग ती नदीकडे पळाली. संध्याकाळी तिच्या घराचं छप्पर गेलं, धान्य गेलं, अंगावरचं लुगडं तेवढं राहिलं. बाजा राहिला.

त्यानंतर वस्ती उठली. कुणी परभणीला गेलं, कुणी नांदेडला, बरेच जण पुण्याला बांधकामावर. आमचं घर आधी परभणीला आलं, नंतर आई-वडील थोरल्या भावामागे पुण्याला गेले. आत्या कुणाबरोबरच गेली नाही. आगीनंतर बसलेला पोलिसांचा तंबू उठल्यावर तिनं चार पत्रे टाकून घर उभं केलं, पेवातून बाजा वर काढला आणि उरलेल्या भांड्यांसकट शेजारी मांडला. "समाजाचं सामान मागायला कुणी आलं तर?" एवढंच ती म्हणायची.

मी परभणीत राहिलो. ज्या घरात मी वाढलो तिथं पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. वडील सभेहून आणायचे आणि कुडाच्या भिंतीला चिकटवायचे. पहिला शब्द मी वाचला तो 'चलो'. पुढे मी आयटीआयमध्ये रेडिओचं काम शिकलो, एका दुकानात दुरुस्तीला लागलो आणि संध्याकाळी पत्रकं लिहायला लागलो. दुकानामागच्या खोलीत राहायचो. अर्धी खोली गठ्ठ्यांनी भरलेली. सभेत माझ्या वाक्यांवर टाळ्या पडायच्या आणि सभा संपली की जो तो आपापल्या घरी जायचा. मी कुलूप काढायचो. आतून कुणी विचारत नव्हतं, एवढा उशीर का झाला म्हणून.

नामांतराचा ठराव कागदावरच राहिला होता, म्हणून एका वर्षी परभणीत धरणं धरायचं ठरलं. मंडपात गाणी वाजवायला काहीतरी हवं होतं. मला बाजा आठवला. सुट्टीच्या दिवशी एसटीनं फाट्यावर उतरलो आणि चालत वस्तीत गेलो. वस्ती म्हणजे आता पडक्या जोत्यांच्या रांगा. जोत्यांत रुई उगवलेली, झेंड्याचा खांब वाकलेला. एका टोकाला आत्याचं घर, पुढे एक कोंबडी.

"आत्या, बाजा न्यायला आलोय," मी सांगितलं.

"कुणी धाडलं?"

"कुणी नाही. धरणं आहे. समाजाचा बाजा समाजाच्या कामाला लागू दे."

"कुणाला इचारलंस?"

"कुणाला विचारू? इथं आहे कोण?"

"इथं न्हाईत म्हणून मेलेत का? पुन्यात हायेत, नांदेडात हायेत. वर्गणी सगळ्यांनी दिलती. अमानत हाय बाबा ती. तू एकला ठरवणारा कोण?"

लोकशाहीवर मी दोन पत्रकं लिहिली होती. दोन्ही तिच्यासमोर उपयोगाची नव्हती.

"बरं, वाजतोय का तरी?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? पेवातून काढल्यापासून लावलाच न्हाई."

इतकी वर्षं ती त्या पेटीशेजारी झोपत होती. तिच्या घरात एका दिव्याची वीज आली होती. सनईचा तवा पत्र्याच्या ट्रंकेत, हाताच्या अंतरावर होता. आणि तिनं तो एकदाही लावला नव्हता, कारण सगळी वस्ती बसलेली नव्हती.

"निदान दुरुस्त करून ठेवू का?"

तिनं पेटीवरून पदर फिरवला. मग म्हणाली, "ते कर. समाजाचं सामान नीट पायजेल."

धरण्याला आम्ही भाड्याचा टेपरेकॉर्डर आणला. मी मात्र प्रत्येक सुट्टीला हत्यारांची पिशवी घेऊन वस्तीत जायला लागलो.

बाजा उघडला तर आत चूल होती. राख थाळीखाली, राख मोटारीत, राख आवाजाच्या बटणात. मी रंगाच्या ब्रशनं झाडायचो, आत्या सुपात गोळा करायची. "अर्ध्या वस्तीची चूल निघायलीय की रे," ती म्हणाली. मला हसू आलं नाही. ती मात्र हसली. कडुलिंबाच्या काड्या निघाल्या. एक मुगाचा दाणाही निघाला. तो तिनं उचलून कोंबडीला टाकला. त्या राखेनं लोखंड खाल्लं होतं, पण वाळवी लाकडाला शिवली नव्हती.

दुसरी भानगड मोठी होती. थाळीच्या आत एक रबरी चाक असतं. मोटार त्या चाकाला फिरवते आणि चाक थाळीला. तिघं एकमेकांना धरून असतात म्हणून थाळी फिरते. ते चाक कोरडं लागतं. आमच्या बाजाचं चाक एरंडेलानं थबथबलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. दर जयंतीच्या आधी घालते. फिरणारं समदं तेल मागतंय. गाडीच्या आसाला घालत न्हाईत का?"

"आत्या, हे चाक आसासारखं नाही. यानं धरून फिरवायचं असतं. तेल लागलं की घसरतं. थाळी रेंगाळते, आवाज जड होतो. इथं एक थेंब जरी पडला तरी मला परत यावं लागेल."

"एक थेंब?" तिनं विचारलं.

"एकच."

तिनं एरंडेलाची बाटली उचलून भिंतीतल्या देवळीत, पणतीशेजारी ठेवली.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटनं मी ते चाक पुसत राहिलो. तेल रबरात मुरलेलं. पुसावं, वाळू द्यावं, पुन्हा वर ओल यावी. शेवटी पॉलिश पेपरनं घासून त्याची पकड परत आणली. गेलेले कंडेन्सर बदलले, तुटलेल्या तारांना कथलाचा डाग दिला, दुकानातून नवी सुई नेली. डाव्या स्पीकरचा कागदी पडदा उंदरानं कुरतडला होता. तिथं हलका कागद हवा होता. माझ्या पिशवीत पत्रकं होती, पातळ, गुलाबी. आत्यानं बाभळीचा डिंक भिजवून दिला आणि पत्रकाचा तुकडा कापून मी पडद्यावर चिकटवला.

काम करताना आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, परभणीला चल. ती म्हणायची, "हे सगळं कुणाच्या हवाली करू? तुझ्या त्या खोलीत कागदं मावनात, भांडी कुठं मावायलीत?" मी म्हणायचो, गेलेले परत येणार नाहीत. ती म्हणायची, "तू लिहितोस त्या कागदात तर लिहिलंय, एक दिवस येईल म्हणून." तिला वाचता येत नव्हतं. मागे एकदा मीच वाचून दाखवलं होतं.

मग तो दिवस आला. दिव्याचा बल्ब काढून त्याच जागी प्लग लावला, कारण घरात विजेचं दुसरं टोकच नव्हतं. बटण फिरवलं. थाळी हलली, थोडी अडखळली आणि फिरायला लागली. आत्या भिंतीला टेकून उभी होती.

"कोणता लावू?" मी विचारलं.

"लावू म्हंजे? लावायचा न्हाई हां. सगळी बसल्याबिगर न्हाई."

"अगं, तपासायला नको का? दुरुस्त झाला की नाही कसं कळणार?"

तिनं विचार केला. नियमात वाजवण्याची बंदी होती. तपासण्याबद्दल बैठकीत काहीच ठरलं नव्हतं.

"तपासायचं असंल तर तपास," ती म्हणाली आणि खाली बसली.

हाताला आला तो तवा मी टेकवला. जयंतीचं गाणं. आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला. पत्र्याचं घर भरून गेलं आणि उरलेला आवाज जोत्यांवरून बाहेर गेला. अर्ध्यात मी सुई उचलली.

"झालं," मी म्हणालो.

"एकाच तव्यावर कसं कळतंय? दुसऱ्यावर बी बघ."

दुसऱ्यावर पाहिलं. ती म्हणाली, "मागची बाजू?" मागची बाजू पाहिली. तिसरा तवा तिनं स्वतःच ट्रंकेतून काढला. तो सनईचा होता. पदरानं पुसून तिनं माझ्या हातात दिला आणि दाराकडे बघत म्हणाली, "ह्याचा आवाज बारीक असतोय. बारीक आवाजात खरं कळंल."

सनई लागली. आत्या उठून बाजामागे जाऊन बसली, पूर्वी बसायची तशी, आणि समोर बघायला लागली. समोर दार होतं. दारातून झेंड्याचा खांब दिसत होता आणि त्याच्या पलीकडे रुई. तिचे डोळे त्या रिकाम्या जागेवर डावीकडून उजवीकडे फिरत होते. कोण कुठं बसायचं ते तिला पाठ असणार.

तेवढ्यात बांधावरून मेंढरं घेऊन जाणारा गावातला एक मेंढपाळ थांबला. "काय म्हातारे," तो ओरडला, "कुणाचं लगीन काढलंस?"

"तुझंच! नवरी मिळंना म्हणून थांबलाव," आत्या आतूनच ओरडली. मग घाईनं म्हणाली, "वाजवायला न्हाई लागलाव. दुरुस्ती चालू हाय! पोरगं तपासायलंय!"

"तपासा, तपासा. लय गोड तपासायलाव," तो म्हणाला. तवा संपेपर्यंत तो काठीवर भार टाकून उभा होता. मग मेंढरांमागे गेला.

सनई तिनं पुन्हा तपासायला लावली. ऊन उतरलं तेव्हा मी बटण बंद केलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. "आत्या, बाजा दुरुस्त झाला. आता काही राहिलं नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

तिनं बाजा गोधडीत गुंडाळला, गाठ मारली आणि भांड्यांशेजारी सरकवला. बल्ब परत लावला. त्या उजेडात घर होतं त्याहून मोठं दिसायला लागलं. चहा न पिताच मी निघालो, एसटी चुकू नये म्हणून. वाटेत जाणवलं की पुढच्या सुट्टीला मला इथं यायचं काही काम उरलेलं नाही.

कामाशिवाय कुणाकडे जायचं, हे मला कधी जमलंच नाही. आमच्या घरात कुठं जाणं म्हणजे मोर्चाला जाणं, सभेला जाणं, मयतीला जाणं. नुसतं बसायला जाणं मी शिकलो नव्हतो. पुढच्या सुट्टीला खोलीत पडून राहिलो. त्याच्या पुढच्या सुट्टीला एक पत्रक लिहायला घेतलं. 'बंधू-भगिनींनो' एवढं लिहून झालं आणि पुढे कुणाला उद्देशून लिहायचं तेच सुचेना. शेजारच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायलो. हॉटेलवाल्याशी बोलावं म्हटलं, तर तो गिऱ्हाइकात होता.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी आमच्या गावाहून परभणीला दूध घालणारा माणूस दुकानापुढे सायकल थांबवून म्हणाला, "तुझ्या आत्यानं निरोप दिलाय. बाजा बिघडलाय म्हणं. लवकर ये म्हणली."

सुट्टीची वाट न बघता मी मालकाला सांगून निघालो. वस्तीत पोचलो तेव्हा आत्या अंगण झाडत होती. अंगण आधीच झाडलेलं होतं.

"काय झालं बाजाला?"

"हळू फिरायलाय. आवाज जड यायलाय."

मी तिच्याकडे पाहिलं. लावल्याशिवाय हे कळणार नव्हतं. आणि ती लावणार नव्हती हे मला जितकं ठाऊक होतं, तितकं या जगात दुसरं काही पक्कं ठाऊक नव्हतं. ती कोंबडीला हाकलायला लागली.

आत जाऊन गोधडीची गाठ सोडली. थाळी उचलली. रबरी चाकावर एरंडेलाचा एक थेंब होता. एकच. ताजा, अजून पसरलेलाही नव्हता. देवळीत बाटलीभोवती धूळ होती आणि बाटलीवर मात्र बोटांच्या खुणा.

समाजाच्या मालमत्तेला कुणी मुद्दाम बिघडवलं तर त्याच्याविरुद्ध काय लिहायचं, ते मला चांगलं लिहिता आलं असतं. मी पिशवीतून स्पिरिट काढलं आणि चाक पुसायला बसलो. आत्या दाराशी येऊन टेकली.

"लय बिघडलंय का रे?"

"आहे थोडं. पुसून बघतो."

"मग तपासावं लागंल."

"तपासावं तर लागेलच."

तिनं ट्रंक ओढून घेतली. सनईचा तवा वरच ठेवलेला होता.

त्या दिवशी आम्ही एकूण एक तवा तपासला, दोन्ही बाजूंनी. मध्ये वीज गेली तेव्हा ती गाण्याऐवजी माणसं सांगत राहिली. कोण कुठं बसायचं, सनई लागली की कोण रडायचं, कोणत्या नवरीच्या भावानं बाजाला हात लावला म्हणून तिनं त्याच्या हातावर फटका मारला होता. वीज आली की ती बोलणं अर्धवट सोडून बाजामागे जायची. निघताना मी पिशवी भरली. एरंडेलाची बाटली तिच्या जागी होती. तिला मी हात लावला नाही.

"ते चाक लय नाजूक हाय का रे?" तिनं गोधडीची गाठ मारता मारता विचारलं.

"हो. नाजूकच आहे."

"म्हंजे पुन्ना बिघडंल."

"बिघडेल, आत्या."

मी फाट्याकडे निघालो. वाकलेल्या खांबापाशी जरा थांबून कान दिला. मागून काहीही ऐकू येत नव्हतं, येणारही नव्हतं. समोर कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून तिनं बाजा बांधून ठेवला होता.